वढाय की ओढाळ?

इथे दुक्मला आपण चार मराठी घरे जमलो, की बहिणाबाईंची गाणी होतातच. दाद मात्र बहुधा एकच असते: 'शाळेचे तोंड न पाहिलेली बाई, आणि केवढे तत्त्वज्ञान!' मला ही दाद अपुरी वाटते. तिच्यात कौतुक बाईचे होते, कविता बाजूलाच राहते.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. जात्यावर, शेतात काम करताना त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव व त्यांच्या मावसभावाने लिहून ठेवली. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली आणि १९६१च्या 'मानिनी' चित्रपटाने घरोघरी पोचवली.

त्यांची मनावरची कविताच घ्या. मन म्हणजे उभ्या पिकात शिरणारे ढोर, हाकलले तरी फिरून येणारे. प्रमाण मराठीत अशा जनावराला आपण 'ओढाळ' म्हणतो. बहिणाबाई म्हणतात 'वढाय'. त्यांच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा 'डोया'. अर्थ तोच, पण मोठ्याने म्हणून पाहा. 'ळ'पाशी जीभ अडते, 'य' मात्र बांधावरून घातलेल्या हाकेसारखा लांबवता येतो. शिवाय हे तत्त्वज्ञान हवेतले नाही. ज्याचे पीक खाल्ले जाते त्याचे ते बोलणे आहे. ओवीत मुरलेल्या कानाची ही कारागिरी आहे, चमत्कार नव्हे.

बोली म्हणजे शिक्षणाचा अभाव, हा समज बेलफास्टला एम.एस्सी. करताना माझ्यापुरता पुसला गेला. तिथे अल्स्टर-स्कॉट्स बोलीतल्या विणकर कवींची ओळख झाली. त्यांतला बॅलिकॅरीचा जेम्स ऑर (१७७०–१८१६) इंग्रजीतही कविता लिही. तरी गावची माणसे, त्यांची घरे आणि दुःखे सांगताना तो बोलीकडे वळे. त्याला दुसरी भाषा येत नव्हती म्हणून नव्हे.

आपल्या दुक्मच्या आतल्या वाळवंटात हरासिस लोकांची हरसूसी भाषा आहे. तिला लिपीची परंपरा नाही, बोलणारे थोडे, आणि मुलांची शाळा अरबीत. तिच्या मानाने लेवा बोलीचे नशीब मोठे, तिला निदान एक पुस्तक मिळाले. म्हणून एक विनंती. गणेशोत्सवात मुलांकडून बहिणाबाई म्हणवून घेताना 'डोया'चा 'डोळा' करू नका. अर्थ अडला, तर सुट्टीत गावच्या आजीला विचारू द्या. तिलाही तिच्या बोलीचा मान मिळेल.