विवेक मोकळा, देह बांधलेला

क्वेकर पंथाचा पुढारी विल्यम पेन याचे धर्मस्वातंत्र्यावरील लेखन त्याच्या तुरुंगवासाच्या काळातले आहे, ही गोष्ट त्याच्या गौरवकारांना फार आवडते. १६७० मध्ये रस्त्यावर प्रवचन केल्याबद्दल लंडनमध्ये त्याच्यावर खटला झाला. पंचांना उपाशी कोंडून ठेवले, दंड केला, तरी त्यांनी त्याला दोषी ठरवले नाही. त्याच सुमारास त्याने सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची कैफियत मांडली. श्रद्धा पटण्यातून येते, जबरदस्तीने फक्त ढोंगी माणसे तयार होतात, आणि विश्वासावर सक्ती करणारा राजा देवाचा अधिकार बळकावतो, हा तिचा गाभा. युक्तिवाद भक्कम आहे. ज्याच्या पाठीवर सत्तेचा आसूड बसला आहे, त्याचीच ही भाषा.

पण १६८१ मध्ये हा कैदी मालक झाला. बापाच्या १६ हजार पौंडांच्या येण्यापोटी राजाने त्याला पेनसिल्व्हेनिया दिला. १६८२ चा राज्यकारभाराचा आराखडा आणि १७०१ ची हक्कांची सनद यांत एकेश्वर मानणाऱ्या साऱ्यांना अभय आहे. अधिकारपदे मात्र ख्रिस्ती माणसालाच. हे त्या काळाचे कुंपण म्हणून सोडून देऊ.

सोडून देता येत नाही ते दुसरेच. १६८५ च्या पत्रात पेन आपल्या कारभाऱ्याला कळवतो की काळे नोकर बरे, ते जन्मभर आपल्याकडे राहतात. १७०० मध्ये गुलामांसाठी उपासनासभा भराव्यात असा आग्रह त्याने धरला. त्याच वर्षी त्याच्याच अमदानीत काळ्यांसाठी वेगळी न्यायालये करणारा कायदा झाला आणि त्यांचा पंचांपुढील खटल्याचा हक्क गेला. पंचांनीच ज्याला सोडवले, त्याच्या राज्यात! आत्म्याची एवढी काळजी वाहणारा हा विचार शरीरापाशी आला की मुका का होतो?

उत्तर पेनच्या आधीच त्याच्या वसाहतीत लिहिले गेले होते. १६८८ मध्ये जर्मनटाऊनच्या चौघांनी क्वेकर सभेपुढे अर्ज ठेवला: इथे विवेकाला स्वातंत्र्य आहे, तसे देहालाही हवे. सभांनी तो एकीकडून दुसरीकडे ढकलला आणि बाजूला ठेवला. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील ज्या गुलाममुक्तीच्या कार्यकर्त्यांना अर्पण केली, त्यांचे पूर्वज मला पेनच्या सनदेपेक्षा या चार सह्यांत दिसतात.

फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने क्वेकरांना गुलाम बाळगण्यास बंदी केली ती १७७६ मध्ये. पेनला जाऊन तेव्हा ५८ वर्षे झाली होती.