जितके टोकन, तितकी मतं

स्टीमिटचा विषय निघाला की लोक सहसा दोनच प्रश्न विचारतात. पैसे खरंच मिळायचे का? आणि अजून मिळतात का? दोन्हींचं उत्तर थोडक्यात ‘हो, पण’ असं आहे, आणि त्या ‘पण’विषयी बोलायला आर्थिक पानांवर पुष्कळ लोक आहेत. मला स्टीमिटकडे वेगळ्या अंगाने बघायचं आहे. लेखन चांगलं की वाईट हे ठरवण्याची एक संपूर्ण पद्धत या लोकांनी कोडमध्ये लिहून काढली. साहित्यव्यवहारात याला आपण समीक्षा म्हणतो. तेव्हा या समीक्षेची समीक्षा करायला हरकत नसावी.

आधी ओळख. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी २०१६ साली स्टीम ही ब्लॉकचेन आणि तिच्यावर चालणारं स्टीमिट हे संकेतस्थळ सुरू केलं. तुम्ही लेख, कविता, फोटो काहीही टाका. वाचकांनी मत दिलं की सात दिवसांनी त्या मतांच्या हिशेबाने क्रिप्टोचलन तुमच्या खात्यात जमा. लेखकाला ७५ टक्के, मत देणाऱ्यांना २५ टक्के. २०१९च्या ऑगस्टपासून हे प्रमाण निम्मं-निम्मं झालं. जाहिरात नाही, संपादक नाही, साभार परत नाही. ज्या भाषेत कथेचं मानधन पोस्टाच्या खर्चात संपतं आणि चांगली वेबझिनंही लेखकाला देऊ शकतील ती फक्त जागा, त्या भाषेतल्या माणसाला हे ऐकून मोह व्हावा यात नवल नाही. २०१७च्या अखेरीस नाशिकमध्ये माझ्या कॉलेजच्या कट्ट्यावरही हा विषय होता. स्टीम डॉलर नावाचं त्यांचं दुसरं टोकन एका अमेरिकी डॉलरच्या आसपास राहावं अशी योजना होती. ते त्या हिवाळ्यात दहा डॉलरच्या वर गेलं होतं. एका लेखाचे इतके पैसे, हे ऐकून मेकॅनिकलची मुलंसुद्धा प्रवासवर्णनं लिहायला बसली होती.

स्टीमचा व्हाइटपेपर हा मात्र गंभीरपणे वाचण्यासारखा मजकूर आहे. (बॅकएंडचं काम करणाऱ्याला असले कागद वाचावेच लागतात; हा त्यातला सुवाच्य म्हणायचा.) त्याची सुरुवातीची भूमिका कुणालाही पटेल अशी आहे. फेसबुक आणि रेडिटवर मजकूर लोक तयार करतात आणि मालमत्ता कंपनीची होते. तेव्हा जो समूहासाठी काही करतो त्याला समूहात वाटा मिळाला पाहिजे. आणि हा विचार कुठून सुचला, तर पतसंस्था आणि सहकारी संस्थांकडून, असं ते स्वतःच सांगतात.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाने थांबायला हवं, कारण हा आपला विषय आहे. नाशिकच्या शेजारच्या जिल्ह्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. पुढे गावोगावी कारखाने, पतपेढ्या, दूध संघ झाले. त्यांचं पुढे काय झालं हे आपल्याला माहीत आहे, त्यावर कादंबऱ्या आणि चित्रपटही झाले. तरीही सहकाराचा एक नियम कायद्यात टिकून आहे: शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. दोन एकरवाला आणि ऐंशी एकरवाला सर्वसाधारण सभेत एका ओळीत बसतात. ऐंशी एकरवाला मतं फिरवतो, पण त्यासाठी त्याला निदान दारोदार जावं लागतं.

स्टीमने सहकाराची भाषा घेतली आणि नेमका हाच नियम टाकून दिला. तिथे मताचं वजन तुम्ही किती टोकन अडकवून ठेवली आहेत यावर ठरतं. कारण तांत्रिकदृष्ट्या चुकीचं नाही: इंटरनेटवर एक माणूस हजार खाती काढू शकतो, मग ‘एक माणूस एक मत’ कसं पाळणार? पण ते तिथेच थांबले नाहीत. सुरुवातीला बक्षिसाचा हिशेब मतांच्या वजनाच्या वर्गाने व्हायचा. म्हणजे दहापट वजनाचं मत शंभरपट पैसे देणार. सामान्य वाचकांच्या मतांचे पैसे दशांश चिन्हाच्या उजवीकडेच राहायचे आणि एका बड्या खातेदाराचा अंगठा लेखाला शेकडो डॉलर मिळवून द्यायचा. जून २०१७मध्ये हा वर्ग काढून हिशेब सरळ केला गेला. त्याने एक दुखणं कमी झालं आणि दुसरं वाढलं: आता स्वतःच्याच लेखाला मत देणं किंवा आपलं मत भाड्याने देणं छोट्या-मोठ्या सगळ्यांनाच परवडू लागलं. मतं विकणारे बॉट उघडपणे दुकान मांडून बसले. त्यांना टोकन पाठवायची, त्या बदल्यात ते तुमच्या लेखाला मत देणार.

व्हाइटपेपरला याचा अंदाज नव्हता असं नाही. त्यात चक्क खेकड्यांची गोष्ट आहे. मराठी माणसाला ती वेगळी सांगायला नको. आपण ती लहानपणापासून एकमेकांना सांगून स्वतःला शिव्या देत आलो आहोत. बादलीला झाकण नको, कारण एक वर चढला की बाकीचे त्याला खाली ओढतात. आपल्याकडे ही गोष्ट दुर्गुणाचा दाखला म्हणून येते. व्हाइटपेपरमध्ये ती सुरक्षाव्यवस्था म्हणून येते! त्यांचं म्हणणं असं, की गैरवापर पूर्ण थांबवणं शक्य नाही आणि ते ध्येयही असू नये. बादलीत जास्तीत जास्त खेकडे यावेत हे ध्येय. भिंती निसरड्या ठेवा, आणि इतरांच्या अंगात खाली ओढण्याएवढी ताकद द्या, म्हणजे झालं.

हे रूपक त्यांच्याच कोडवर तपासून बघा. खाली ओढायचं म्हणजे विरोधी मत द्यायचं. खात्याला दिवसाला साधारण दहा पूर्ण वजनाची मतं परवडतात. त्यातलं एक विरोधात खर्च केलं तर त्याची कमाई शून्य, आणि समोरचा मोठा असेल तर तो तुमच्या सगळ्या लेखांवर उलटं मत देऊन सूड घेणार. मग कोण ओढणार? विरोधी मतासाठी वेगळा, फुकट साठा देण्याची सुधारणा यायला २०१९ उजाडलं. गोष्टीतले खेकडे निदान फुकट ओढतात.

पण माझा मुख्य आक्षेप पैशांच्या वाटपाला नाही. तो वाचकाच्या मोबदल्याला आहे.

मत देणाऱ्याला हिस्सा का द्यायचा? चांगलं लेखन शोधून काढणं हेही काम आहे म्हणून. ऐकायला हे न्याय्य वाटतं. समीक्षकाला कुणीतरी पैसे देतंय! पण पैसे कशाचे मिळतात ते नीट बघू. तुमच्यानंतर त्या लेखाला जितकी वजनदार मतं पडतील, तितका तुमचा वाटा मोठा. म्हणजे तुम्हाला लेख आवडला की नाही हा प्रश्नच उरत नाही. तो इतरांना, आणि त्यातही बड्या खातेदारांना, आवडेल की नाही एवढंच ओळखायचं. केन्सने १९३६ साली शेअर बाजाराची तुलना वर्तमानपत्रातल्या सौंदर्यस्पर्धेशी केली होती. शंभर फोटोंतून सहा सुंदर चेहरे निवडायचे, पण बक्षीस त्याला, ज्याची निवड सर्वांच्या सरासरी निवडीच्या जवळ जाईल. मग शहाणा स्पर्धक आपल्याला सुंदर वाटणारा चेहरा निवडत नाही. बाजारापुरतं हे ठीक. स्टीमने हीच स्पर्धा वाचनाला लावली.

त्याचे परिणाम अटळ होते. लेख आल्याबरोबर मत दिलं तर वाट्यातला काही भाग कापला जाई, अर्ध्या तासानंतर दिलं तर पूर्ण मिळे. पण तोवर इतरांनी मत दिलेलं असलं तर उशीर. म्हणजे कुठल्या मिनिटाला मत द्यायचं हे गणित झालं, आणि गणित झालं की ते माणसापेक्षा स्क्रिप्टला चांगलं जमतं. अशी स्क्रिप्ट लिहिणं मला अवघड नाही, कुठल्याही दोन वर्षं काम केलेल्या पोराला नाही. ती लेखकाचं नाव बघते, त्याची मागची कमाई बघते, घड्याळ बघते. लेखाचा मजकूर वाचणारी ओळ त्यात लागतच नाही. सर्वांत जास्त कमावणारा समीक्षक तो, ज्याने काहीच वाचलेलं नाही.

आणि लेखक? मी मराठी टॅगखालचं जे वाचलं त्यात बरे फोटो आणि मनापासून लिहिलेल्या काही कविता होत्या. पण हळूहळू मजकूर एकाच साच्याचा होत जातो: शीर्षक इंग्रजीत, दोन परिच्छेद मराठीत, खाली त्यांचं इंग्रजी भाषांतर, कारण वजनदार मतं मराठी वाचत नाहीत. प्रतिक्रियांत ‘नाइस पोस्ट’ आणि स्वतःच्या लेखाची लिंक. इथे लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या हातात मत, त्याच्या भाषेत तो बोलणार.

आपल्याकडेही दरवाजे होतेच, हे मला मान्य आहे. ‘सत्यकथे’च्या दारातून पुष्कळ लोक परत गेले. त्या रागातून लघुअनियतकालिकं निघाली, आणि १९६९मध्ये तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळीही केली. पण जाळायला अंक होता, भांडायला श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नावाची माणसं होती, त्यांची आवड कळत होती, म्हणून तिच्या विरोधात दुसरी आवड उभी करता आली. मतांच्या बेरजेशी कसं भांडणार? तिला काही आवडतच नाही.

सत्ता खरी कुणाची हे २०२०मध्ये उघड झालं. फेब्रुवारीत ट्रॉनच्या जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर कंपनीने अगदी सुरुवातीला स्वतःसाठी काढून ठेवलेला टोकनचा प्रचंड साठाही. चेन चालवणाऱ्या निवडून आलेल्या ‘विटनेस’ मंडळींनी तो साठा गोठवला. २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजमध्ये ग्राहकांनी ठेवलेली टोकन वापरून मतदान झालं आणि वरचे वीसच्या वीस विटनेस बदलले. नियम कुठेही मोडला नव्हता. प्रत्येक खात्याला तीस उमेदवारांना पूर्ण वजनाने मत देता येतं; मग एकच मोठा साठा सगळं मंडळ निवडू शकतो. २० मार्चला बरेच लोक हाइव्ह ही वेगळी चेन काढून निघून गेले. २० मेला स्टीमवर काही खात्यांतली सुमारे २ कोटी ३६ लाख टोकन काढून घेण्यात आली. ‘तुमचं लेखन तुमच्याकडून कुणी हिरावू शकत नाही’ हे खरंच होतं. मानधनाबद्दल तसं म्हणता आलं नाही.

आता राहिला प्रश्न, पैसा येतो कुठून? नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जातात, पण त्यांचं मोल तिथे ठरत नाही, हे आम्हा नाशिककरांना कळतं. स्टीमवरचं मानधनही नव्याने छापलेलं टोकन होतं. २०१६च्या डिसेंबरपासून वर्षाला साडेनऊ टक्क्यांनी सुरू करून ते हळूहळू कमी करत नेण्याची योजना होती. ते कुणीतरी रुपये देऊन विकत घेईल तेव्हाच तो पैसा. घेणारा मात्र लेख वाचण्यासाठी घेत नव्हता, भाव चढेल म्हणून घेत होता. त्यात आपल्याकडे एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं ४ मार्च २०२० रोजी, स्टीमवरच्या त्या मतदानानंतर दोनच दिवसांनी. २०२२पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे.

लेखकाला पैसे मिळाले पाहिजेत, हे स्टीमचं पहिलं वाक्य मला अजूनही बरोबर वाटतं, आणि ते मराठीत कुणी मोठ्याने म्हणत नाही याचा रागही येतो. पण त्यांनी ते सोडवताना वाचकालाच पगारी केलं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. तिथला सभासद वर्गणी भरून पुस्तक घरी नेतो, आणि पुस्तक टाकाऊ निघालं तर त्याला तसं म्हणताना काही गमवावं लागत नाही. लेखकाचं मानधन कुठून आणायचं याचा विचार या माणसापासून सुरू करावा लागेल. तो थोडेच पैसे देईल, पण वाचून देईल.