गढूळपणाचे कौतुक

नितळ हा शब्द आपल्याकडे फार दिवस स्तुतीचा म्हणून वावरला आहे. पाणी नितळ, मन नितळ, शैलीही नितळ. अशा भाषेत वाढलेल्या माणसापुढे मुद्दाम गढूळ ठेवलेल्या पेयाचा पेला यावा आणि ‘यातच तर खरी गंमत आहे’ असे त्याला सांगण्यात यावे, म्हणजे त्याच्या अभिरुचीची परीक्षाच होय. अमेरिकेत गेल्या वीसएक वर्षांत जी धूसर ‘पेल एल’ लोकप्रिय झाली, आणि जी तिथले हौशी लोक आता घरोघरी ताजे हॉप्स खुडून करतात, तिच्याविषयी मला लिहायचे आहे. फराळाच्या ताटाशेजारी बिअरची चर्चा पाहून ज्यांच्या कपाळाला आठी पडेल त्यांना एवढेच सांगतो, की प्रश्न पिण्याचा नाही, पारखण्याचा आहे. शिवाय परवान्यावाचून मद्य करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये आपल्या राज्यात आजही गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी घागर चुलीवर चढवील अशी भीती नको. अमेरिकेतही घरगुती बिअरला केंद्र सरकारची मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली, आणि मिसिसिपी व अलाबामा ही शेवटची दोन राज्ये तर २०१३ साली राजी झाली.

हॉप्स ही एका वेलाची फुले. हा वेल भांगेच्या कुळातला. हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरतो आणि वसंतात पुन्हा उठून पंधरा-वीस फूट चढतो. फूल म्हणजे हिरव्या, कागदी पाकळ्यांचे बोंड. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी असते, आणि कडवटपणा व सुगंध या दोहोंचे माहेर तीच. साधारणतः आपल्या भाद्रपदात ती तयार होतात. बोंड चिमटीत कागदासारखे कुरकुरले, भुकटी गर्द पिवळी दिसली आणि तळव्यावर चोळून वास घमघमला, की तोडायचे. पण ताज्या बोंडात शेकडा ऐंशीच्या आसपास पाणी असते. ढीग रचून ठेवला तर तो आतून तापतो आणि नासू लागतो. म्हणून व्यापारी माल भट्टीत सुकवून पाणी दहा टक्क्यांवर आणतात. आणि या सुकवण्यात जो वास सर्वांत हलका, तोच आधी उडून जातो. हुरडा आणि भाकरी एकाच कणसाची, पण हुरड्याची चव कणगीत साठवता येत नाही, तसेच हे. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा कंपनीने १९९६ साली याकिमा खोऱ्यातून न सुकवलेले हॉप्स आणवून एल केली, तेव्हापासून तिकडे या हंगामी प्रकाराची चाल पडली. परसात वेल असलेल्या माणसाला ही यातायात नको. सकाळी खुडावे, दुपारी कढईत टाकावे.

आता गढूळपणाकडे वळू. जवाच्या जोडीला ओट्स आणि गहू घातले की त्यांतली प्रथिने द्रवात तरंगत राहतात. हॉप्समधली तुरट द्रव्ये त्यांना जाऊन चिकटतात. आणि पेल्यात धुके उतरते. उकळीत हॉप्स अगदी कमी घालायचे, म्हणजे कडवटपणा बेताचा राहतो. बहुतेक हॉप्स आच काढल्यावर आणि पुढे आंबवण चालू असताना घालायचे, म्हणजे वास टिकतो. म्हणजे धुके हे या सुगंधाच्या हव्यासाचे उपफळ. व्हरमाँटमधल्या वॉटरबरी गावच्या जॉन किमिच यांची ‘हेडी टॉपर’ ही या घराण्याची मूळ पुरुष मानली जाते. (एल स्त्रीलिंगी असताना मूळ पुरुष म्हणणे विचित्र, पण चालवून घ्यावे.) तिच्या डब्यावर, थेट डब्यातूनच प्या, अशी सूचना छापलेली आहे. गढूळ एलचा आद्य कारागीर सांगतो की तिच्याकडे पाहू नका! त्याला वास जपायचा होता. धुके मिरवण्याची हौस मागाहून आलेल्यांची, आणि २०१८ साली ‘ज्यूसी ऑर हेझी’ हा प्रकार अमेरिकन मद्योत्पादक संघाच्या यादीत अधिकृतपणे बसल्यावर तर गढूळ दिसणे हीच लायकी ठरू लागली. केवळ पेला गढूळ दिसावा म्हणून गव्हाचे पीठ टाकणारेही निघाले.

न्यायाने बोलायचे तर नितळपणाचाही दरारा अनादि नाही. १८४२ साली पिल्सेन गावी सोनेरी, पारदर्शक बिअर निघाली, पुढे काचेचे पेले स्वस्त झाले, आणि मग लोक बिअरमधून पलीकडे पाहू लागले. बव्हेरियातली गव्हाची बिअर त्याआधीही गढूळ होती आणि आजही आहे. तिला कोणी दोष देत नाही. गढूळपणा हा दोषही नव्हे, गुणही नव्हे. तो कशामुळे आला, एवढेच समीक्षकाने विचारायचे.

माझा एक भाचा ओरेगनमध्ये असतो. त्याच्या कुंपणावर कॅस्केड जातीचा वेल आहे. ही जात १९७२ साली त्याच राज्यातून प्रसृत झाली. एकाच सकाळच्या तोडणीतून त्याने दोन भांडी लावली होती, प्रत्येकी वीस लिटरांची. सुक्या शंभर ग्रॅमच्या जागी ओले अर्धा किलो, असा त्याचा हिशेब. घरच्या बोंडांचा कडवटपणा किती, हे प्रयोगशाळेवाचून कळत नाही. म्हणून कडवटपणापुरते त्याने बाजारचे सुके हॉप्स वापरले. इथवर सारे शहाणपणाचे. एक भांडे ओट्सचे, गढूळ. दुसरे नुसत्या जवाचे, नितळ.

गढूळ एल जिभेवर साईसारखी मऊ होती. पिकल्या आंब्याचा दरवळ सुटला होता, आणि पाहुणे तिच्याभोवतीच जमले होते. नितळ एलला आधी ओल्या गवताचा वास आला, मग कोवळ्या काकडीचा, आणि घोट उतरल्यावर पपनसाच्या सालीचा. ती किंचित उग्र होती, शेवटी थोडी तुरटही. पण तो वेल मला तिच्यातच भेटला. मी भाच्याला विचारले, ‘आंबा कुठून आला रे? तुझ्या कुंपणावर तर पपनसाच्या वासाचा वेल आहे.’ तेव्हा कळले की गढूळ भांड्यात शेवटी सिट्रा जातीच्या सुक्या हॉप्सची पुडी पडली होती. बाटलीवर मात्र दोहोंच्या चिठ्ठ्या एकच: ‘परसातल्या ताज्या फुलांची’.

‘मामा, लोकांना तीच आवडते,’ तो म्हणाला. आवडते हे खरे, आणि त्यात लोकांची चूक नाही. माझा आक्षेप पुडीलाही नाही, चिठ्ठीला आहे. ताजेपणा नाजूक असतो. ओट्सची साय आणि विकतचा आंबा यांच्याखाली तो दडपला जातो, आणि मग मुखपृष्ठावर तेवढा उरतो. ओली फुले वापरायची असतील तर त्यांना बोलायला जागा ठेवणारी, साधी, हलकी एल करावी. गढूळ करायची असेल तर सुके हॉप्स खुशाल ओतावेत आणि तसे लिहावे. हे दोन्ही एकाच पेल्यात बसवण्याचा जो सध्या सोस आहे, तो मला मान्य नाही. भाच्याला तो आहे, आणि यंदा तो पुन्हा दोन भांडी लावणार आहे. चिठ्ठ्या मात्र वेगळ्या लिहीन म्हणाला.

नितळ एलच्या सहा बाटल्या त्याने माझ्यासाठी बाजूला काढल्या होत्या. भाद्रपदात खुडलेल्या फुलांचा तो गवताचा वास दोनएक महिनेच टिकतो. म्हणून आम्ही त्या लक्ष्मीपूजनाच्या आतच संपवल्या.