खात्री कोणाची? : स्थानबद्धतेच्या कायद्यांची भाषा

22 जून 1897 च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच सरकारने दोन प्रकारे हात उगारला. टिळकांवर ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला भरला. मुंबई उच्च न्यायालयात तो चालला, ज्यूरीतील सहा युरोपियनांनी त्यांना दोषी व तिघा भारतीयांनी निर्दोष ठरवले, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. सरदार नातू बंधूंवर मात्र खटला झालाच नाही. 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 25 खाली त्यांना आरोपाविना बंदीत ठेवले गेले.

टिळकांवरचा अन्याय आपण आजही ओळीओळीने वाचू शकतो. आरोप काय, युक्तिवाद काय, ज्यूरी कशी फुटली, न्यायमूर्ती काय म्हणाले, सारे नोंदलेले आहे. नातू बंधूंच्या बाबतीत वाचायला निकालपत्रच नाही. विनाआरोप बंदीवासाविरुद्धचा माझा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो. खटल्यातही अन्याय होतो, पण तो तपासता येतो. स्थानबद्धतेत तपासण्याजोगे काही मागे उरत नाही.

मराठीने हा भेद नेमका टिपला आहे. ‘अटक’ घडून गेलेल्या गुन्ह्यासाठी होते, ‘स्थानबद्धता’ न घडलेल्या कृत्यासाठी. स्वतंत्र भारताने ही दुसरी गोष्ट संविधानातच बसवली. अनुच्छेद 22 आधी अटकेतील माणसाला वकील आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर होण्याचा हक्क देतो, आणि त्याच अनुच्छेदाचे तिसरे कलम स्थानबद्धाला तो नाकारते. संविधान लागू झाल्यावर महिनाभराने, फेब्रुवारी 1950 मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. त्याखाली डांबलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने कायद्याचे चौदावे कलम रद्द केले, बाकी कायदा उचलून धरला.

या घराण्यातील कायद्यांचा कणा एकच शब्द आहे : सरकारची ‘खात्री झाल्यास’. गुन्हा सिद्ध झाल्यास नव्हे, पुरावा मिळाल्यास नव्हे. खात्री ही मनाची अवस्था आहे, आणि ती योग्य होती का हे न्यायालयाने सहसा तपासायचे नाही, अशी परंपरा गोपालन निकालापासून पडली. स्थानबद्धतेची कारणे कळवावी लागतात खरी; पण जी तथ्ये उघड करणे सार्वजनिक हिताविरुद्ध वाटेल ती रोखण्याची मुभा त्याच अनुच्छेदात आहे.

आपल्याकडे या विषयावरचे लेखन बहुधा 28 एप्रिल 1976 च्या जबलपूर निकालापाशी थांबते. ‘मिसा’खालील बंदी आणीबाणीत न्यायालयाचे दार ठोठावू शकत नाही, असे चौघांनी ठरवले. नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी उलट मत दिले होते, ते पुसले गेले. न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात राहिले. त्या चौघांत पुण्याचे य. वि. चंद्रचूड होते, आणि 2017 मध्ये त्यांच्याच पुत्राने तो निकाल चुकीचा ठरवला. कथा इतकी नाट्यमय की ती सांगून झाली की प्रश्न सुटल्यासारखे वाटते.

पण 1978 ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती बारकाईने पाहावी. आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क निलंबित करता येणार नाही, हा तिचा भाग अमलात आला. सल्लागार मंडळाच्या मताविना कुणाला तीनऐवजी दोनच महिने ठेवता येईल आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावे, हा भाग संसदेने मंजूर करूनही आजवर लागू झालेला नाही. त्यासाठी फक्त अधिसूचना हवी होती. जनता पक्षापासून पुढच्या कोणत्याच सरकारने ती काढली नाही. म्हणजे आपण आणीबाणीतल्या नागरिकाला संरक्षण दिले, रोजच्या नागरिकाला नाही.

‘यूएपीए’ हा तांत्रिकदृष्ट्या स्थानबद्धतेचा कायदा नाही. त्यात खटला असतो. पण 26/11 नंतर, डिसेंबर 2008 मध्ये, त्यात आलेले 43 ड हे कलम त्याच दिशेने नेते. न्यायालयाच्या परवानगीने आरोपपत्रासाठी 180 दिवस मिळतात. पुढे, आरोप ‘सकृद्दर्शनी’ खरा वाटला तर जामीन नाही. ‘सकृत्’ म्हणजे एकदा. एका नजरेत जे दिसते ते सकृद्दर्शनी. एप्रिल 2019 च्या वटाली निकालाने या टप्प्यावर पुराव्याची खोलात छाननी करू नये असे सांगितले, आणि एका नजरेच्या मतावर वर्षे जाऊ लागली. फेब्रुवारी 2021 च्या नजीब निकालाने खटला फार लांबला तर जामीन देता येईल अशी फट ठेवली. त्याच वर्षी 5 जुलैला चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी मुंबईत कोठडीतच वारले. एल्गार परिषद प्रकरणात त्यांच्यावरचा खटला तेव्हा सुरूही झाला नव्हता. ब्रिटनमध्ये दहशतवादाच्या संशयितास आरोपाविना ठेवण्याची मुदत 28 दिवसांवरून 42 करण्याचा प्रस्ताव 2008 मध्ये लॉर्ड्स सभागृहाने फेटाळला. 2011 पासून ती 14 दिवस आहे.

दुसरी बाजू हलकी नाही. 1993 आणि 2008 पाहिलेल्या मुंबईकराला ‘आधी स्फोट होऊ द्या, मग पुरावा शोधू’ असे कोण सांगेल? गुप्तवार्ता न्यायालयात मांडता येतेच असे नाही, साक्षीदार घाबरतात, हेही खरे. कसाबचा खटला उघड चालला, त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले, हे उदाहरण मला मोलाचे वाटते; पण तो रंगेहाथ सापडला होता, म्हणून ते पुरेसे नाही.

अवघड उदाहरण मालेगावचे आहे. 8 सप्टेंबर 2006 च्या स्फोटांत तीसहून अधिक माणसे गेली. नऊ मुस्लिम पुरुषांना आरोपी केले गेले. बहुतेकांना पाच वर्षांनी जामीन मिळाला, आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेचा तपास वेगळ्याच दिशेला गेल्यावर 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तपासकर्त्यांची खात्री झालेली होतीच. त्या खात्रीने नऊ घरे मोडली, आणि तेवढा काळ खरे गुन्हेगार शोधण्याचे कामही थांबवले. चुकीचा माणूस आत असतो तेव्हा शहर सुरक्षित होत नाही. सुरक्षित झाल्यासारखे वाटते.

म्हणून ‘सुरक्षा की स्वातंत्र्य’ हा तराजू मला फसवा वाटतो. सरकारला संशय घेण्याचा अधिकार असावाच. तो संशय कुणासमोर, किती दिवसांत आणि कोणत्या कागदावर मांडायचा, हा खरा प्रश्न आहे. संसदेने 1978 मध्ये दिलेल्या उत्तराचा एक भाग अजून अधिसूचनेची वाट पाहतो आहे. निदान तेवढी तरी निघावी.