प्रवासवर्णनातून वगळलेले घर

मराठी प्रवासवर्णनांची समीक्षा करताना आपले समीक्षक निसर्गवर्णन पाहतात, विनोद पाहतात, लेखकाची बहुश्रुतता पाहतात. लेखक रात्री कोणाकडे उतरला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक आपल्यातील बहुसंख्य मध्यमवर्गीय दांपत्यांचा प्रवास हा दुहेरी असतो. अर्धा शहर पाहण्यासाठी, अर्धा आप्तांना भेटण्यासाठी. कोल्हापूरला जायचे ते अंबाबाई आणि रंकाळा पाहायला, हे खरे. पण तेथे चुलत मेहुणे आहेत, आणि वाटेत बांद्याला आते आहेत, म्हणून जाणे ठरते. छापील लेखात यांपैकी पहिलाच अर्धा उतरतो. हे असे का व्हावे, याचा आम्ही थोडा विचार केला आहे. त्याला एक घरगुती कारणही घडले. ते पुढे येईलच.

पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' हे १९६० सालचे पुस्तक आमच्या पिढीने तोंडपाठ म्हणावे इतके वाचले. दांपत्याने मिळून केलेल्या प्रवासाचे मराठीतील हे सर्वांत लोकप्रिय वर्णन. त्याचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. निघण्यापूर्वीची धांदल, सल्ले देणाऱ्यांची गर्दी, हे सारे आजही ताजे वाटते. परंतु बोट सुटली की मागचे घर मागेच राहते आणि सोबतची पत्नी बहुतेक वेळा विनोदापुरती डोकावते. तीस वर्षांनी, १९९० साली, सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' आले, आणि त्याच जोडप्याच्या आयुष्याची दुसरी बाजू वाचकांसमोर आली: घर कोणी चालवले, गाडी कोणी चालवली, माणसे कोणी सांभाळली. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्ही सुचवू. एकाच संसारातील स्थळे एका ग्रंथात गेली आणि माणसे दुसऱ्यात.

ही वाटणी जुनीच आहे. मराठीत पुरुषाने प्रवासवर्णन लिहिले आणि स्त्रीने आत्मचरित्र. आप्तांकडचे जाणेयेणे त्या दुसऱ्या खात्यात जमा झाले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त किती प्रवास आहे, हे मोजून पाहावे. या गावाहून त्या गावी, या आप्ताच्या घरून त्या आप्ताच्या घरी, कधी पतीबरोबर, कधी पती न सांगता निघून गेल्यामुळे एकटीने. तरीही त्यांना कोणी प्रवासलेखिका म्हटले नाही. इरावतीबाई कर्व्यांनी नातेसंबंधांच्या रचनेवर १९५३ साली ग्रंथ लिहिला, आणि पंढरीच्या वाटेवर चालून आल्यावर ललित लेखही लिहिला. आप्त शास्त्रात आणि वाट साहित्यात, अशी विभागणी तेथेही दिसते.

अपवाद एकच मनात ठसला आहे, तो रमाबाई रानडे यांचा. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आम्ही नोकरीत असताना प्रथम वाचले, आणि ते जवळचे वाटण्याचे कारण म्हणजे त्यातील फिरती. न्यायमूर्ती सरकारी कामासाठी गावोगाव हिंडत आणि रमाबाई बरोबर असत. कलकत्त्याच्या मुक्कामात हजामत करून घेताना रानडे न्हाव्याला बंगाली शब्दांचे अर्थ विचारीत, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच पुस्तकात घरातल्या बायकांचे टोमणे आहेत आणि इंग्रजी शिकणाऱ्या सुनेची झालेली कोंडी आहे. परगाव आणि घर यांच्यामध्ये रमाबाईंनी भिंत घातली नाही. आप्तांविषयी लिहिले तर ते दुखावतील, ज्यांच्याकडे जेवलो त्यांच्याबद्दल छापू नये, ही सबब आपण नेहमी पुढे करतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका विधवेने ती जुमानली नाही.

आता घरगुती कारण. २०१४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता आमच्या गाडीने डिचोलीहून कोल्हापूरला गेलो. सौभाग्यवतींचे माहेर पेडणे, म्हणून दोडामार्गाचा जवळचा रस्ता सोडून म्हापशावरून पेडण्यास गेलो. तेथे मेहुण्यांनी मानकुराद आंब्यांची करंडी गाडीत ठेवली. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्यास आतेंकडे जेवलो, आणि सावंतवाडी, आंबोली करीत रात्री कोल्हापूर गाठले. दोन दिवस रंकाळा, नवा राजवाडा, पन्हाळ्याचा अंबरखाना पाहिला. परतल्यावर त्यावर एक लेख लिहिला, तो छापूनही आला. सौभाग्यवतींनी तो वाचला आणि म्हणाल्या, "लेख बरा आहे. पण आपण गेलो होतो तो हा प्रवास नव्हे."

आम्ही लेख पुन्हा वाचला. वर्षानुवर्षे प्रवासभत्त्याची बिले तपासलेल्या माणसाने लिहावा तसाच तो होता: प्रस्थान, आगमन, अंतर, प्रयोजन. पेडण्याचा उल्लेख नव्हता. बांद्याविषयी एकच वाक्य होते, "वाटेत आप्तांकडे भोजन झाले."

त्या भोजनाला किती इतिहास होता, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचा. त्यामुळे या बाजूच्या मुली त्या बाजूला आणि तिकडच्या इकडे देणे ही आपल्या घराण्यांची जुनीच रीत. आते १९५३ साली लग्न होऊन बांद्यास गेल्या. पुढे नाकेबंदी आली, १९५५ च्या १५ ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, आणि जाणेयेणे जवळजवळ थांबले. आमच्या आजी वारल्या तेव्हा ती बातमी आतेंना बारावा उलटून गेल्यावर कळली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हाच त्या माहेरी आल्या. पानावर सोलकढी वाढताना त्यांनी हे सांगितले, आणि आम्ही पन्हाळ्याच्या तटबंदीची मापे टिपून घेतली!

आप्तांच्या घरांत वाङ्मयीन विषय नसतो, हा आक्षेप म्हणूनच आम्हांला मान्य नाही. उलट आमच्याकडे 'गोवा दर्शना'ला येणाऱ्या पुण्यामुंबईच्या पाहुण्यांनी लिहिलेल्या लेखांत मिरामार आणि जुने गोवे असते. त्यांचा चार दिवसांचा मुक्काम डिचोलीत असतो, ती डिचोली नसते. आम्हांला त्याचा राग येत असे. आता तो राग धरण्याचा अधिकार उरलेला नाही.

आते २०१७ साली गेल्या. लेख लिहिण्याआधी सौभाग्यवतींची त्या वर्षाची हिशेबाची वही काढून पाहिली. कोल्हापूरच्या दोन दिवसांना तीन ओळी आहेत. बांद्याच्या पानावर ओटीचा नारळ, खण, आतेंनी दिलेली आमसुले यांची नोंद आहे, आणि खाली बारीक अक्षरात लिहिले आहे: "आतेंचा रात्री फोन. पेडण्याहून बांद्याला यायला किती वेळ लागला ते दोनदा विचारले. पाऊण तास म्हटले. गप्प राहिल्या."