दोन कुप्या

‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा शेवट कसा होतो, असे विचारले की बहुधा एकच उत्तर येते : दोघे विष पिऊन मरतात. नाटक न वाचलेले हे सांगतात आणि वाचलेलेही सांगतात. मीही बरीच वर्षे तसेच लक्षात ठेवले होते. प्रत्यक्षात विष पितो तो एकटा रोमिओ. ज्युलिएट मरते कट्यारीने. ती जे पिते ते विष नव्हेच; ते गुंगीचे औषध आहे. ते तिला मारत नाही. ठरल्याप्रमाणे झोपवते आणि ठरल्याप्रमाणे जागे होऊ देते.

दोन कुप्यांची एक कुपी करणारी ही आठवण निरुपद्रवी नाही, असे आता मला वाटते. कुपी एकच असली की मृत्यूला एक सुबकपणा येतो. दोघांनी एकाच पेल्यातून घेतलेला घोट, एवढेच चित्र उरते. कुप्या दोन ठेवल्या की विचारणे भाग पडते : कोणती कोणी दिली, कशासाठी दिली, आणि देणारा नंतर कुठे गेला?

पहिली कुपी देणारा फ्रायर लॉरेन्स. हा फ्रान्सिस्कन संन्यासी दुसऱ्या अंकात प्रथम दिसतो तो पहाटे, हातात टोपली घेऊन वनस्पती गोळा करताना. एका छोट्या फुलाकडे पाहत तो म्हणतो की याच्यात विषही आहे आणि औषधही. हुंगले तर तरतरी येते, चाखले तर प्राण जातो. 1599 च्या छापील प्रतीत रोमिओचा प्रवेश या फुलाबद्दलच्या ओळींच्या आधीच दिलेला आहे. म्हणजे विष आणि औषध यांचा हा पाठ चालू असताना विद्यार्थी दारात उभा आहे.

भारतीय वाचकाला हा विचार परका वाटत नाही. तीक्ष्ण विषही योग्य योजनेने उत्तम औषध होते आणि औषधही अयोग्य योजनेने विष होते, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितलेले आहे. बचनागासारखे जहाल मूळ शुद्ध करून वापरण्याची आयुर्वेदाची परंपरा याच समजुतीवर उभी आहे. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने जवळपास हीच गोष्ट मात्रेच्या भाषेत मांडली. मराठीत तर ‘मात्रा’ हा शब्द घरोघरचा. औषधाचे प्रमाण म्हणजेही मात्रा, आणि एखाद्यापुढे आपले काही चालेनासे झाले की ‘मात्रा चालत नाही’ असेही आपण म्हणतो.

फ्रायरची मात्रा वनस्पतींवर चालते. अडचण अशी की माणसांकडेही तो त्याच नजरेने पाहतो. रोमिओ लग्नाची गळ घालतो तेव्हा, कालपर्यंत रोझलिनसाठी झुरणारा हा मुलगा आज दुसरीचे नाव घेतो आहे, हे फ्रायरला स्पष्ट दिसते. तो त्याबद्दल बोलतोही. तरी तो लग्न लावायला तयार होतो, कारण या लग्नाने दोन घराण्यांचे वैर मिटेल असे त्याला वाटते. शहराच्या रोगावर त्याने दोन मुलांचा काढा करायचे ठरवले. हेतू चांगला होता. मात्र काढ्यात पडणाऱ्यांना विचारायचे असते, हे कोणत्याही वैद्यकात लिहिलेले नसते.

ज्युलिएट अजून चौदा वर्षांचीही झालेली नाही. शेक्सपिअरने ज्या दीर्घकाव्यावरून नाटक रचले, त्या आर्थर ब्रूकच्या 1562 च्या इंग्रजी काव्यात ती सोळा वर्षांची आहे. त्याआधीच्या बांदेलोच्या इटालियन कथेत अठरा. शेक्सपिअरने वय खाली आणले आणि ब्रूकच्या काव्यात काही महिने चालणारी हकिकत रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात कोंबली. वय आणि वेळ दोन्ही कमी केल्यामुळे मोठ्यांची जबाबदारी वाढते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

कुपी पिण्याआधी ज्युलिएट दाईला आणि आईला खोलीबाहेर पाठवते, कट्यार जवळ ठेवते आणि एकेक शंका काढते. औषध लागूच पडले नाही तर? आणि हे विषच असले तर? आपण लावलेले लग्न उघडकीला येऊ नये म्हणून फ्रायरनेच ते दिले असले तर? तो सज्जन म्हणून ओळखला जातो, असे म्हणून ती ही शंका बाजूला सारते. पण शंका वेडगळ नव्हती. राणी एलिझाबेथचा वैद्य रॉड्रिगो लोपेझ याला राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपावरून 1594 मध्ये, म्हणजे हे नाटक लिहिले गेले त्याच्या थोडे आधी, देहान्त शिक्षा झाली होती. बरे करणारा हातच मारणारा असू शकतो, ही भीती लंडनच्या हवेत होती. ज्युलिएटच्या घरातही होती. टिबल्टच्या खुनाचा सूड म्हणून मँचुआत माणूस पाठवून रोमिओला विष घालण्याची भाषा तिची आईच करते, आणि तीही मुलीची समजूत काढताना. विष प्रतिष्ठित घराच्या बैठकीत आधीच येऊन बसलेले आहे.

दुसरी कुपी मँचुआची. ज्युलिएट गेल्याची बातमी कळताच रोमिओला औषधे विकणारा एक कंगाल माणूस आठवतो. त्याचे दुकान रोमिओ बारकाईने वर्णन करतो : टांगलेले कासव, पेंढा भरलेली मगर, वेड्यावाकड्या माशांची कातडी, रिकामी खोकी, बुरसटलेले बी. माल थोडा आणि मांडणी मोठी. उपासमार लपवणारे दुकान. विष विकण्याला तिथे मृत्युदंड आहे. रोमिओ चाळीस डुकाट पुढे करतो. विक्रेता सांगतो की आपले मन नाही, दारिद्र्य होकार देते आहे. रोमिओ उत्तरतो की मोबदला दारिद्र्यालाच देतो आहे, मनाला नाही. वर म्हणतो की खरे विष तर मीच तुला विकले, कारण सोन्याने जेवढी माणसे मरतात तेवढी तुझ्या मिश्रणाने मरत नाहीत.

संपूर्ण नाटकात हा एकच व्यवहार असा आहे की त्यात दोन्ही बाजूंना ठाऊक आहे काय दिले जाते आहे आणि का. बाकी सगळीकडे काहीतरी झाकलेले आहे : लग्न झाकलेले, मृत्यू खोटा, बापाला दिलेला होकार खोटा. म्हणून या प्रवेशाची मला आता जास्त धास्ती वाटते. सर्वांत प्रामाणिक देवघेव विषाची असावी, एवढी त्या शहरांची अवस्था झालेली होती.

दोन्ही कुप्यांनी आपापले काम चोख केले. फ्रायरने बेचाळीस तासांची झोप सांगितली होती. तो हिशेब करून थडग्याकडे निघतो त्याच सुमारास ज्युलिएट जागी होते. विक्रेत्याने तत्काळ मृत्यू सांगितला होता. तो तत्काळ येतो. फसले ते पत्र. फ्रायर जॉन मँचुआला पोहोचत नाही, कारण प्लेगच्या संशयावरून तो ज्या घरात होता त्याची दारे बंद केली गेली. 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे लंडनची नाटकगृहे बराच काळ बंद होती. बंद केलेले दार म्हणजे काय हे त्या प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. पण प्लेगवर सगळे ढकलता येत नाही. बाल्थाझार हा विश्वासू नोकर घोडा पिटाळत खोटी बातमी वेळेवर पोहोचवतो. खरी बातमी मात्र एकाच माणसाच्या हाती सोपवलेली होती, कारण ती एरवी कोणालाच कळता कामा नये होती.

इथे नाटकाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते येते. या दोन मुलांना शत्रूंपैकी कोणीही मारत नाही. माँटेग्यू ज्युलिएटला हात लावत नाहीत, कॅप्युलेट रोमिओला. मृत्यू येतो तो मदत करणाऱ्यांच्या हातून : लग्न लावणारा फ्रायर, निरोप नेणारी आणि ऐन वेळी पॅरिसशी लग्न कर म्हणणारी दाई, धावत आलेला नोकर, भुकेला विक्रेता. मर्क्युशिओसुद्धा मरतो तो रोमिओ भांडण सोडवायला मध्ये पडल्यामुळे. टिबल्टची तलवार रोमिओच्या हाताखालून शिरते. वैर नसते तर हे काहीच घडले नसते, हे खरे. प्रारंभीच्या निवेदनात ग्रहताऱ्यांचाही उल्लेख आहे. पण वैराने फक्त चोरून वागणे भाग पाडले. चोरून केलेल्या मदतीला कोणी जाब विचारणारा नसतो, आणि ती मदत विष होते ती तिथे.

आपल्याकडच्या चित्रपटांनी ही कथा घेताना नेमके हेच गाळले. ‘कयामत से कयामत तक’ (1988) मध्ये नायिका भाडोत्री मारेकऱ्यांच्या गोळीने मरते. ‘गोलियों की रासलीला राम-लीला’ (2013) मध्ये दोघे एकमेकांवर गोळ्या झाडतात. वैर राहिले, कुप्या गेल्या आणि कुप्यांबरोबर त्या देणारा भला माणूसही गेला. शत्रू ओळखणे प्रेक्षकाला सोपे जाते. हितचिंतकाकडे बोट दाखवणारी कथा पचायला कठीण.

थडग्यातल्या शेवटाचीही रंगभूमीने अशीच डागडुजी केली. दा पोर्तो आणि बांदेलो यांच्या कथांत रोमिओचा प्राण जाण्याआधी ज्युलिएट जागी होते आणि दोघे बोलतात. ब्रूकच्या काव्यात ही भेट नाही. शेक्सपिअरनेही ती घडू दिली नाही. डेव्हिड गॅरिकने 1748 च्या प्रयोगात तो संवाद लिहून घातला आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे इंग्रजी रंगमंचावर तोच चालला. 1996 च्या बाझ लुहरमनच्या चित्रपटातही रोमिओ विष घेत असताना ज्युलिएटचे डोळे उघडतात. एक नजरभेट तरी व्हावी, असे सगळ्यांना वाटते. मलाही वाटते.

शेक्सपिअर ज्युलिएटला भेटीऐवजी एक रिकामा पेला देतो. फ्रायर आलेला असतो. रोमिओ गेला हे सांगून, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो असे सुचवतो आणि बाहेर आवाज ऐकताच घाबरून निघून जातो. एकटी उरलेली मुलगी पेला पाहते, थेंबही नाही. ओठांवर काही उरले असेल म्हणून ती रोमिओचे चुंबन घेते. ओठ अजून उबदार आहेत. त्या विषाला ती नवजीवन देणारे म्हणते. रोमिओनेही विकत घेतलेल्या कुपीला विष न म्हणता हृदयाला बळ देणारे औषध म्हटले होते. त्या पहाटेचा फुलाचा धडा दोन्ही मुलांनी पाठ केला. शिकवणारा मात्र तेवढ्यात थडग्याबाहेर पडला होता.

ब्रूकच्या काव्यात औषधविक्रेत्याला फाशी होते. नाटकात रोमिओच्या पत्रामुळे राजाला त्याच्याबद्दल कळते. काहींना क्षमा आणि काहींना शिक्षा होईल एवढेच तो म्हणतो. फ्रायरला तर तो तिथेच सज्जन म्हणून मोकळा करतो. मग दोन्ही बाप हात मिळवतात आणि एकमेकांच्या मुलांचे पुतळे उभारायचे वचन देतात. शुद्ध सोन्याचे. ज्या सोन्याला रोमिओने मँचुआत विषाहून वाईट म्हटले होते, तेच. समेट झाला असे आपण मानतो आणि पुस्तक मिटतो. पण आपापल्या मुलांना हवे होते काय, हे विचारणे अजूनही त्या दोघांना सुचलेले नाही.