जाड थरांच्या कसोटीवर ट्रिस्ट-बॅमफोर्थ

एरिक ट्रिस्ट व केनेथ बॅमफोर्थ ह्यांचा ब्रिटिश कोळसा खाणींतील लाँगवॉल पद्धतीवरील निबंध १९५१ साली ‘ह्यूमन रिलेशन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बॅमफोर्थ पूर्वी स्वतः खाणकामगार होते. निबंधातील उत्तम भाग त्या अनुभवाचाच होय. जुन्या पद्धतीत दोन-तीन जणांची टोळी कोळसा फोडण्यापासून छताला टेकू देईपर्यंत सर्व काम आपल्या विचाराने करी. हिलाच लेखकांनी ‘जबाबदार स्वायत्तता’ म्हटले. लाँगवॉलच्या लांबच लांब कोळसाभिंतीवर मात्र चाळीस-पन्नास माणसे तीन पाळ्यांत विभागली गेली आणि आधीच्या पाळीच्या अर्धवट कामाचे भोग भरणाऱ्यांच्या वाट्यास आले. दोन यार्ड रुंद व एक यार्ड उंच अशा बोगद्यात विखुरलेल्या वीस भरणाऱ्यांचे एकाकीपण ज्या बारकाईने येथे टिपले आहे, त्यास तोड नाही.

निष्कर्षाविषयी मात्र शंका येते. दोष पद्धतीचा की कामाच्या वाटणीचा? निबंध वाचताना दोन्ही एकच वाटू लागतात. ट्रिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या डरहॅमच्या अभ्यासाने ही गाठ सोडविली : लाँगवॉल तीच, पण सर्व कामे आपसांत वाटून घेणाऱ्या टोळ्यांचे उत्पादन अधिक व गैरहजेरी कमी.

खरी कसोटी जाड थरांत लागते, असे मला वाटते. चीनमध्ये १९८० नंतर विकसित झालेल्या आणि २००६ साली ऑस्ट्रेलियातील ऑस्टार खाणीत स्वीकारलेल्या पद्धतीत यंत्र थराचा फक्त तळाकडील, साधारण तीन मीटरांचा भाग कापते. वरचा कोळसा खडकाच्या भाराने फुटून आधारांच्या मागे ढासळतो व तेथील झडपेतून मागच्या वाहकावर ओढून घेतात. झडप केव्हा मिटावी? फार लवकर मिटली तर कोळसा मागच्या पोकळीत राहतो आणि त्याचा चुरा हवेतील प्राणवायूने तापत जाऊन पेटू शकतो. उशीर झाला तर कोळशात दगड येतो. स्वयंचलित साधनांचे प्रयोग चालू असले, तरी धुळीत उभा राहून डोळ्यांनी व पोलादावर आपटणाऱ्या दगडाच्या आवाजाने हा निर्णय घेणे बहुधा माणसाकडेच असते. निबंधाने जी निर्णयशक्ती लाँगवॉलने हिरावली म्हटले, ती लाँगवॉलच्याच पाठीशी पुन्हा उभी राहिली!

परंतु तिचा हिशेब कसा ठेवायचा? केवळ टन मोजले तर चालक दगड येईपर्यंत, किंवा आल्यावरही, झडप उघडी ठेवील. केवळ राख मोजली तर ती वेळेआधी मिटेल, त्या दिवसाचा कोळसा स्वच्छ निघेल आणि मागे राहिलेल्या चुऱ्याची धग काही आठवड्यांनी दुसऱ्याच पाळीला लागेल.